मंगळवारचा तवा

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, धंद्याने खाटीक. डुकराचं मटण विकणारी त्यांच्या गावात तीन दुकानं होती. बाकीचे दोघे कंपनीचे गोठवलेले खोके फोडून विकायचे, आणि दाजी डुकराला त्याच्या घरी जाऊन भेटून यायचे. ‘भेटून यायचे’ हा शब्द माझा नाही, त्यांचाच. दर सोमवारी सकाळी ते जुनी व्हॅन काढायचे आणि आसपासच्या पाच-सहा शेतांवर फिरून यायचे. सगळी घरगुती शेतं, नवराबायकोने मिळून चालवलेली. कुणाकडे आठ डुकरं, कुणाकडे बारा, त्याहून जास्त नाहीत.

एकदा मी हौसेने बरोबर गेलो आणि पस्तावलो. दाजी व्हॅनमधून उतरले की आधी कुंपणापाशी नुसते उभे राहणार. मालक बादली घेऊन आला की डुकरं त्याच्याकडे धावतात की त्याला बघून कोपऱ्यात पळतात, ते बघणार. मालकाला भिणाऱ्या जनावराचं मटण घ्यायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. मग आत जाऊन पाठ खाजवणार, खांद्यामागे अंगठा दाबून चरबी किती बसली ते बघणार. मग बादलीत हात घालून कोंडा वर काढणार, हुंगल्यासारखं करणार आणि चिमूटभर चक्क तोंडात टाकणार. एवढं झालं की घरातल्या माणसांशी तासभर गप्पा आणि सौदा दोन मिनिटांत. तोवर मी व्हॅनमध्ये बसून माश्या मारत होतो, खऱ्याखुऱ्या.

दुकानाबाहेर एक पाटी टांगलेली असे. तिच्यावर खडूने लिहायचं काम माझ्या ताईचं. ‘टेकडीवरच्या घरचं.’ ‘विहिरीजवळच्या बहिणींचं.’ मटण कोणाच्या घरचं ते गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे, असा तिचा हट्ट. लोक पाटी वाचून आत यायचे आणि टेकडीवरच्या म्हाताऱ्याची तब्येत विचारूनच पिशवी पुढे करायचे.

पण ताईचं खरं काम दुकानामागच्या स्वयंपाकघरात चालायचं. मंगळवारी सकाळी कत्तलखान्यातून माल यायचा. दुपारी ती मानेखालच्या चरबीचा काडेपेटीएवढा तुकडा कापायची, लोखंडी तवा बारीक आचेवर ठेवायची, दार-खिडकी लावून घ्यायची आणि मीठ-मसाला काही न घालता तो तुकडा तव्यावर टाकायची. मग नुसता वास घ्यायचा. डुकराचा नर लहानपणीच खच्ची केला नाही, तर मोठेपणी त्याच्या चरबीत एक घाण वास उतरतो. कच्च्या मटणात तो कळत नाही, चुलीवर चढलं की घरभर होतो. तुकडा चांगला असेल तर ताई ‘ठीक आहे’ म्हणायची आणि हात धुवायची. वाईट असेल तर तोंडातून शब्द न काढता उठून खिडकी धाडकन उघडायची.

की झालं भांडण सुरू.

“अगं, कसला वास? मला तर काही येत नाही.”

“तुम्हाला कधी आलाय?”

“नाकाचे नखरे आहेत नुसते. आणि ती खिडकी लाव, गुडघे धरतात माझे.”

ताई खिडकी लावायची नाही. ती दुकानात गेली की दाजी हळूच उठून लावायचे. तीस वर्षं हा मंगळवारचा कार्यक्रम मी ऐकत आलोय. शेवटी शब्द ताईचाच राहायचा, ते जनावर मसालेदार सॉसेज करणाऱ्या कारखान्याकडे जायचं आणि पाटीवर दुसऱ्या घराचं नाव चढायचं. दाजी मला डोळा मारून म्हणायचे, “घरात शांतता हवी असेल तर एखादं डुक्कर सोडावं लागतं.” मीही हसायचो. बहिणीच्या नाकाला हसायला काय लागतं? मी दोन तासांवरच्या दुसऱ्या गावात बस डेपोत वेळा लिहिणारा माणूस, मला मटण आयतं पानात मिळायचं.

शेवटच्या वर्षी ताई आजारी पडली. औषधं जबर होती. जेवणाची चव गेली म्हणायची, पण मंगळवारचा तवा तिने सोडला नाही. स्टुलावर बसून करायची. आणि त्या वर्षात तिने एकदाही खिडकी उघडली नाही. दर वेळी ‘ठीक आहे’. दाजींनी मला फोन करून खुशीत सांगितलं, “तुझी ताई आता समजूतदार झाली रे. सगळं चालतं तिला.”

मी म्हणालो, “चला, सुटलात.”

हे वाक्य मी बोललो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो. औषधांनी तिचं नाक गेलं होतं आणि ते तिलाही कळलं नव्हतं. वास येत नसला की माणसाला वाटतं, वासच नाही.

ताई गेली. दिवस झाल्यावर मी परत आलो तो आठ महिने तिकडे फिरकलो नाही. सुट्टी मिळत नाही, असं दाजींना सांगायचो. ते साफ खोटं होतं. ताई नसलेल्या त्या घरात मला पाऊल टाकवत नव्हतं, एवढंच. आपलं दुःख मोठं करून बसलो आणि तिथे तो माणूस एकटा काय करत असेल, हे डोक्यात येऊ दिलं नाही.

मग एका रविवारी त्यांचा फोन आला. “दुकान देऊन टाकावं म्हणतो. खोकेवाल्या कंपनीला गोदामाला जागा हवीय. येत्या बुधवारी त्यांचा माणूस येतोय.”

“आणि तुमची ती शेतं?”

“त्यांच्याकडून घेऊन करू काय? गिऱ्हाईकच येत नाही. लोक बदलले रे.”

मंगळवारच्या पहिल्या बसने गेलो. दुकान लख्ख होतं. काच पुसलेली, सत्तूर आणि सुऱ्या ओळीने मांडलेल्या, ओंडका घासून पांढरा केलेला. पाटीवर दाजींच्या वाकड्या अक्षरात ‘टेकडीवरच्या घरचं’. आणि आत चिटपाखरू नाही. तासभर मी बाकावर बसलो. तेवढ्यात ओळखीची पाच माणसं समोरून गेली आणि पाचही जणांनी पलीकडच्या फुटपाथवरूनच हात केला. समोरच्या इस्त्रीवाल्या बाईंनी तर आमच्याकडे बघून मान खाली घातली आणि तोच शर्ट पुन्हा इस्त्रीखाली घेतला. तीस वर्षं दर बुधवारी पहिली पिशवी त्यांचीच असायची.

“बघितलंस?” दाजी म्हणाले. “हात करतात. आत कुणी येत नाही. आठवड्यात माझ्याशी कुणी बोललंच तर तो दूधवाला, तोही पिशवी ठेवून पळतो.”

दुपारी त्यांनी स्वयंपाकघरात तवा ठेवला. मंगळवार होता ना! दार लावलं, खिडकी लावली, ताईच्या स्टुलाशेजारी स्वतःची खुर्ची ओढली. स्टूल रिकामंच ठेवलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. तुकडा चरचरायला लागला, कडेने पाणी सुटलं, आणि एकाएकी वास भपकन आला. महिनाभर कोंडून ठेवलेल्या घामट कपड्यांचा आणि मुतारीचा वास एकत्र केला तर जसा होईल तसा. मला आधी मोरी तुंबली असं वाटलं. काही न बोलता मी धावलो आणि खिडकी धाडकन उघडली.

मागे वळून बघतो तर दाजी ताडकन उभे. चेहरा लालबुंद.

“तिची नक्कल करतोस? माझ्या घरात उभा राहून? लाज वाटत नाही तुला?”

“दाजी, नक्कल नाही हो. वास येतोय.”

“कसला वास? काही वास नाही! तीस वर्षं ऐकतोय मी हे. ती गेली, आता तू सुरू कर!”

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. तव्याच्या वाफेवर वाकूनही त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नव्हती, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दाजी खोटं बोलत नव्हते. त्यांना तो वास येतच नव्हता. कधीच आला नव्हता.

मी तसाच रस्ता ओलांडून गेलो आणि इस्त्रीवाल्या बाईंना जवळजवळ ओढत आणलं. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थांबल्या, नाकावर हात गेला, डोळ्यांत पाणी आलं. वासाने आलं की आणखी कशाने, कुणास ठाऊक.

“काका, माफ करा,” त्या म्हणाल्या. “वर्ष होत आलं. ताई आजारी होत्या, तेव्हा कसं बोलायचं? मग त्या गेल्या, मग तर तोंडच उघडेना कुणाचं. घरी नेलं की शिजवता येत नाही हो. आणि दुकानात येऊन रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मग... कुणीच येईनासं झालं.”

सगळ्या गल्लीने त्या माणसाची कीव केली आणि कीव करून करून त्याला एकटं पाडलं. मी काय वेगळं केलं होतं?

बाई गेल्यावर दाजींनी गॅस बंद केला.

“कसा असतो रे तो?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. घामट कपडे, मुतारी, सगळं. त्यांनी पुन्हा वाकून श्वास ओढला आणि मान हलवली.

“आणि हा तिला यायचा?”

“ती खिडकी उघडायची तेव्हा यायचा.”

“मला वाटायचं, माझ्यावर राग असला की उघडते,” दाजी म्हणाले. मग तोंडावर हात ठेवून ते रडले. ताईला नेलं त्या दिवशी हा माणूस रडला नव्हता.

बुधवारी कंपनीचा माणूस आला तेव्हा दुकानाला कुलूप होतं. आम्ही टेकडीवर गेलो होतो. तिथला म्हातारा हाताने चाचपडत बाहेर आला आणि डुकरं धावत त्याच्या पायांशी आली. दाजींनी सरळ विचारलं. म्हाताऱ्यानेही आडपडदा ठेवला नाही. “पिल्लं खच्ची करायचं काम माझं. डोळे अधू झाल्यापासून दोन-चार नर राहून जातात. पण तुमच्या घरी तर तव्यावर बघतात ना? वाईट असतं तर तुम्ही बोलला असतात, असं आम्ही धरून चाललो.”

“बोलणारी गेली, दादा,” दाजी म्हणाले.

म्हाताऱ्याच्या बायकोने तिथल्या तिथे कबूल केलं, यापुढे पिल्लं झाली की आठवड्याच्या आत जनावरांच्या डॉक्टरला बोलावायचं. परत आल्यावर दाजी दुकानापाशी उतरले, पाटी ओल्या फडक्याने पुसली आणि खडू घेऊन सावकाश लिहिलं: ‘मला मटणाचा वास कळत नाही. ज्यांना कळतो त्यांनी मंगळवारी दुपारी आत यावं, तव्यावर बघावं, मग घ्यावं.’

मी म्हटलं, “दाजी, खाटकाने असं चारचौघांत लिहायचं?”

“तीस वर्षं ती एकटीच मला सांगत होती,” ते म्हणाले. “आता सगळ्यांना कळू दे.”

गेल्या मंगळवारी मी पुन्हा गेलो होतो. हल्ली महिन्यातून एकदा जातो. जागा देत नाही, असं दाजींनी कंपनीला कळवून टाकलंय. पूर्वीची गर्दी काही परतली नाही, पण इस्त्रीवाल्या बाई येतात, शाळेतले शिपाई येतात, नाक कुणाचं तिखट यावर दोघांची जुंपते. परवाचा तुकडा विहिरीजवळच्या बहिणींकडच्या मादीचा होता. बाईंनी हुंगला आणि म्हणाल्या, “ठीक आहे.” ताई म्हणायची तसंच, एका दमात. दाजींनी पटकन वळून त्यांच्याकडे बघितलं आणि मग खाली बघून सुरी पुसायला घेतली. ताईच्या स्टुलावर अजून कुणी बसत नाही. बाई उभ्यानेच वास घेतात आणि जातात.

सगळे गेल्यावर स्वयंपाकघरात आम्ही दोघंच राहिलो. दाजी गुडघ्यांवर हात टेकून उठले, खिडकीपाशी गेले आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या. बाहेर बोचरा वारा होता.

मी म्हटलं, “दाजी, आज वास नाहीये.”

“असू दे,” ते म्हणाले, आणि खुर्चीत बसून त्यांनी शाल गुडघ्यांवर ओढून घेतली.