काकांच्या लेखावरची कॉमेंट

हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचं संपादन माझ्या गळ्यात पडलं, कारण मी कॉलेजात शिकवते आणि मला नाही म्हणता येत नाही. सगळे लेख एकाच ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये टाकायचे आणि ज्याने त्याने तिथेच दुरुस्त करायचे, असं ठरलं. आमच्याच शहरातल्या घमापूर वस्तीतल्या एका काकांनी आपल्या गेलेल्या बायकोवर लिहिलं. ते फॅक्टरीतून निवृत्त झालेले. काकू कितीतरी वर्षं घरीच मुलांना मराठी लिहायला शिकवायच्या. मीही त्यांच्याकडेच शिकले.

लेख सहा पानांचा झाला. अध्यक्षांचा फोन आला, "मॅडम, दो पेज से ज्यादा नहीं. आणि ते आजारपण, दवाखाना काढायला सांगा. लोक आनंदाने वाचतात हे."

मी "हो जी" म्हणून फोन ठेवला.

मग डॉक्युमेंट उघडलं. चार वेळा काहीतरी लिहिलं आणि पुसलं. काकूंचं शेवटचं वर्ष काढून टाका, असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? शेवटी अख्खा लेख निवडून कॉमेंट टाकली : "काका, छान झालंय. फक्त हे जरा बघा."

त्या दिवसापासून माझी सुटका नव्हती. दोन तासांच्या मध्ये स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडला, की वर काकांच्या नावाचं हिरवं वर्तुळ दिसायचं. त्यांचा कर्सर दवाखान्याच्या परिच्छेदाशी थांबलेला असायचा. ना पुढे, ना मागे. मी आले आहे हे त्यांनाही दिसत असणार. ते माझी वाट बघतायत असं वाटायचं, आणि मी घाईघाईने डॉक्युमेंट बंद करायचे. तेवढ्यात अध्यक्षांचा मेसेज यायचा, "झालं का?" अध्यक्षांना 'नाही' म्हणवत नव्हतं आणि काकांना नेमकं काय काढायचं ते सांगवत नव्हतं. तीन दिवस हेच चाललं.

चौथ्या दिवशी उघडलं तर लेखाच्या दोनच ओळी उरल्या होत्या. काकूंचं माहेरचं गाव आणि गेल्याची तारीख.

कॉलेज सुटल्यावर मी तशीच स्कूटी घेऊन घमापूरला गेले. काका दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"काका, सगळं काहून काढलं?"

"तू लिहिलं, जरा बघा. मी तीन दिवस पाहून राहिलो होतो, बेटा. काय पाहू, ते समजलं नाही. मग वाटलं, सगळंच नको असेल. तू भली मुलगी, तोंडावर म्हणणार नाही."

मला खाली बघावंसं वाटलं, पण मी त्यांच्याकडेच बघून बोलले. अध्यक्षांना दोन पानं हवीत. आजारपण नको, हे त्यांचं म्हणणं, माझं नाही. मला नात्यातल्या लग्नांचं दीड पान जास्त वाटतं आणि फॅक्टरीतल्या बदल्यांचंही. शिकवणीचा भाग मात्र एका शब्दानेही कमी करू नये.

काका ऐकत होते. "अच्छा," म्हणाले. "एवढंच होतं?"

डॉक्युमेंटची जुनी आवृत्ती परत आणता येते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी लॅपटॉप उघडून ती आणली. आम्ही शेजारी बसून लग्नं काढली, बदल्या काढल्या. तीन पानं राहिली. दवाखान्याच्या परिच्छेदाशी मी थांबले. "हा राहू दे. अध्यक्षांशी मी बोलते."

काकांनी तो एकदा मनात वाचला आणि माझा हात बाजूला करून स्वतःच पुसला.

"काका, अध्यक्षांसाठी नको."

"त्याच्यासाठी नाही. तीन दिवस तेच वाचत बसलो होतो. आता हे चार लोकांत नको."

त्यांना खरंच तसं वाटत होतं, की माझ्या त्या कॉमेंटने त्यांना तसं वाटायला लावलं, हे मी विचारू शकले नाही. लेख तीन पानांचाच छापला. अध्यक्षांना मी फोनवर सांगितलं, की यातली एकही ओळ आता कमी होणार नाही. ते म्हणाले, "चलो, ठीक है."