नानासाहेब बोलले नाहीत

गयाकाकू गेल्याची बातमी मला दोनदा मिळाली. पहिली आमच्या गावच्या गाडीवानानं हिंगोलीच्या शाळेच्या फाटकात उभं राहून दिली. ‘मास्तर, काकू सकाळी चुलीपुढं बसल्या त्या बसल्याच…’ एवढं बोलून त्यानं डोक्यावरची टोपी काढली. ती बातमी खरी होती. दुसरी आठवड्याभरानं एका साप्ताहिकात काळ्या चौकटीत छापून आली. ‘नानासाहेबांचा अखेरचा संदेश ज्यांनी आपल्या कानांनी ऐकला, त्या वीरभगिनी गयाबाई यांचे दुःखद निधन.’ ती खोटी होती. मी ती वाचली, घडी घालून ठेवली, पुन्हा उघडून वाचली. मी संतापी माणूस नाही. वर्गात आवाज चढवायचा झाला तरी मला आधी पाणी प्यावं लागतं. पण ती चौकट वाचल्यापासून मला नीट झोप नाही. नानासाहेबांनी कसलाही संदेश दिला नव्हता आणि काकूनं तो ऐकला नव्हता. हे सांगून मग मी काकूबद्दल लिहितो, म्हणजे पुढचं सगळं कुणी अर्धवट वाचलं तरी एवढं तरी हाती राहील.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. चुलते लग्नानंतर लवकरच गेले आणि माझी आई माझ्या लहानपणी गेली, त्यामुळं शिरड शहापूरच्या त्या घरात एकमेकांना सांभाळण्यावाचून आम्हा दोघांना दुसरा उपाय नव्हता. नानासाहेब तिचे सख्खे थोरले भाऊ. ते पुण्याला शिकायला गेले आणि तिकडचेच झाले. त्यांची भाषणं, त्यांचे तुरुंगवास, त्यांची वर्तमानपत्रं ह्यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. निजामाच्या मुलखात त्यांना तोंड उघडायची बंदी होती, म्हणून आमच्याकडची माणसं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात त्यांना ऐकायला जात आणि परत येऊन महिनाभर त्यांच्यासारखं बोलत. काकूनं त्यांचं एकही भाषण ऐकलं नाही. भावाचं भाषण ऐकायला बाईमाणसानं नदी ओलांडावी असा रिवाज आमच्या घरात नव्हता. मी पुण्यात शिकत असताना ग्रंथालयात त्यांची छापील व्याख्यानं वाचली. त्यातलं एक विधवांच्या शिक्षणावर होतं. फार चांगलं होतं. सुट्टीत घरी आल्यावर मी काकूला त्यातला थोडा भाग वाचून दाखवला. ती मिसरी लावत होती. बोट तोंडातून काढून म्हणाली, ‘कोणाच्या बहिणीबद्दल बोलून राहिला हा?’ आणि चूळ भरायला उठून गेली.

मग त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वसमतच्या स्टेशनावरून बैलगाडीत गादी घालून त्यांना गावी आणलं, तेव्हा सोबत बरीच मंडळी होती. त्यांनी दोन दिवस आमच्या ओसरीवर मुक्काम केला, डासांबद्दल तक्रार केली आणि ‘ताई, राष्ट्राची ठेव तुमच्या हाती सोपवतो आहोत’ असं सांगून ती गेली. पुढं त्यातला एखाददुसरा वर्षा-सहा महिन्यांनी यायचा, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून नमस्कार करायचा आणि वसमतची गाडी चुकेल म्हणून घाईनं निघायचा. ठेव काकूकडे राहिली. ही ठेव उताणी ठेवली की पाठीला जखमा होत, म्हणून दर थोड्या वेळानं कूस बदलावी लागे. तिला कण्या पातळ करून भरवाव्या लागत, तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून सांडलेलं पुसावं लागे, खालची फडकी धुवावी लागत. पायाकडं निंबाचा पाला ठेवून माशा वारीत बसावं लागे. काकू शेतात किंवा गोठ्यात असली की तिला हाक कशी मारायची, हा प्रश्न होता. तिनं बैलाच्या घुंगरमाळेतलं एक मोठं घुंगरू काढलं आणि सुतळीनं त्यांच्या डाव्या मनगटाला बांधलं. एकदा वाजलं तर पाणी. थांबून थांबून वाजलं तर कूस. न थांबता वाजत राहिलं तर नानासाहेब चिडलेले.

ते पुष्कळदा चिडलेले असत, हे मी मुद्दाम लिहितो. हजारोंच्या सभा गप्प करणारा माणूस, आणि डाळीत खडा आला हे त्याला सांगता येत नव्हतं. एकदा त्यांनी डाव्या हातानं कण्यांची वाटी भिंतीवर भिरकावली. काकू काही पाया पडणाऱ्यांतली नव्हती. ‘फेक, आणखी फेक. पुण्यात फेकली असतीस का? तिथं लोक बघत व्हते. हितं काय, गयाच हाय.’ मग तिनं भिंत पुसली, दुसरी वाटी भरून आणली आणि त्यांनी ती निमूटपणे खाल्ली. कधी ती स्वतःच वैतागून गोठ्यात जाऊन बसायची आणि घुंगरू वाजलं तरी लवकर उठायची नाही. पण उठायची. मी सुट्टीत घरी असलो की पाहायचो, तिच्या जाण्यायेण्याकडं त्यांचे डोळे लागलेले असत. साऱ्या आयुष्यात त्यांनी तिला इतकं पाहिलं नसेल.

शेवटच्या वर्षात एक गोष्ट सुरू झाली. संध्याकाळी ती खाटेजवळ बसली की ते काहीतरी बोलू पाहत. ओठ हलत, मानेच्या शिरा ताठ होत, तोंडातून ‘ब… ब…’ असा एक आवाज निघे. काकू अंदाज करत बसे. ‘बाजरी? बैल? बापाची आठवण येऊन राहिली का? बरं, मग काय?’ प्रत्येक अंदाजाला घुंगरू चिडून वाजे. शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी येई आणि ती म्हणे, ‘राहू दे आता. उद्या सांग.’ असे कितीतरी उद्या गेले. त्यांना काय सांगायचं होतं, ते मी तिला एकदा विचारलं. ‘काय माहीत, लेका. माफी मागत असंल. न्हाईतर वरणात मीठ कमी असंल,’ ती म्हणाली आणि हसली. पण ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. नानासाहेब गेले ते एका दुपारी, तिच्या मांडीवर डोकं ठेवून, एक शब्दही न बोलता. ती शेवटपर्यंत वाट पाहत होती.

त्यानंतर काही वर्षांनी सिनेमा कंपनीचा माणूस आला. नानासाहेबांच्या चरित्रावर बोलपट निघणार होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा घेतला, अंगणातल्या निंबाचा फोटो काढला आणि अदबीनं विचारलं, ‘ताई, त्यांचे अखेरचे शब्द काय होते?’

‘शब्द न्हवते,’ काकू म्हणाली. ‘त्याची वाचा गेल्याली.’

‘पण काही खूण, काही इशारा?’

‘व्हय. कूस बदल म्हणून इशारा करायचा.’

तो माणूस कसनुसा हसला. काकू त्याला सोडायला फाटकापर्यंत गेली. तिनं आयुष्यात कुणाकडं काही मागितलेलं मला आठवत नाही, पण त्याच्याकडं मागितलं. ‘मला दाखवू नका. माझं काय काम न्हाई त्यात. पण एवढं करा, शेवटाला त्याला गप दाखवा. तो गपच व्हता.’ ‘बराबर, बराबर,’ तो म्हणाला. आमच्याकडचा शब्द त्यानं तेवढ्यात उचलला होता.

पुण्यात असताना आणि नंतरही मी थोर माणसांच्या आयुष्यावरचे बोलपट पाहिले आहेत. तरुणपणी त्यातला नायक चुकतो, भांडतो, प्रेमातही पडतो. म्हातारा झाला की त्याच्या मिशा पांढऱ्या होतात, अंगावर शाल येते, बोलणं संथ होतं आणि मागं सारंगी वाजू लागते. त्याला कफ होत नाही. त्याचा पाय घसरत नाही, त्याला राग येत नाही, कुणाचं नाव तो विसरत नाही. त्याची खाट खिडकीपाशी असते आणि उजेड बरोबर कपाळावर पडतो. आणि त्याची सेवा करणारी बाई पडद्यावरून नाहीशी होते, कारण ज्या अंगाला काही होतच नाही ते धुवायला बाई कशाला हवी? पूर्वी मला ह्याचं हसू यायचं. आता येत नाही. ही भक्ती नव्हे, ही भीती आहे. आपला पुढारी एक दिवस आपल्या आजोबासारखा अंथरुणात घाण करील, ह्याची लोकांना भीती वाटते, आणि सिनेमावाले पैसे घेऊन ती भीती घालवून देतात. त्याची किंमत कुणीतरी दुसरंच मोजतं. आमच्याकडं ती काकूनं मोजली.

तिकडं पुण्याकडं स्वातंत्र्य आलं तेव्हा बोलपट लागला. इकडं त्याला बंदी होती. ह्या भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं आणि दसऱ्यानंतर हिंगोलीत सिनेमाचा तंबू लागला. मी काकूला गावाहून आणवलं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तंबूत बायकांची बाजू दोर लावून वेगळी केलेली होती. ती दोराच्या पलीकडं बसली, मी अलीकडं. तुरुंगाचे प्रसंग तिनं गंभीरपणे पाहिले. म्हातारपण आलं तेव्हा मात्र तिला राहवेना. ‘मास्तर, उशी किती पांढरी रे. कोण धुतं?’ मग, ‘एक माशी न्हाई. नशीबवान हाय.’ आजूबाजूच्या बायका हसल्या. तेवढ्यात पडद्यावरचे नानासाहेब कोपरावर उठून बसले, भोवतालच्या शिष्यांकडं त्यांनी पाहिलं आणि ते बोलू लागले. ‘माझ्या बंधूंनो, मी तृप्त आहे. माझ्या मिटत्या डोळ्यांना उद्याची पहाट दिसते आहे…’ बराच वेळ बोलले. लोक रडत होते. काकू उठून उभी राहिली. ‘अरे, तो…’ मागून कुणीतरी खेकसलं, ‘ए म्हातारे, खाली बस. नानासाहेब बोलून राहिलेत.’

ती खाली बसली. आम्ही घरी आलो. मी कंदील लावत होतो तेव्हा म्हणाली, ‘मला सांगताना एक शब्द फुटला न्हाई त्याला. ह्या लोकांशी कसं घडाघडा बोलला.’ मी म्हणालो, ‘काकू, ते खोटं आहे. तो नट आहे.’ ‘ते मला कळतं, लेका,’ ती म्हणाली. ‘येडी न्हाई मी. पण बघितलं ना आता. डोळे मिटले की तोच बोलून राहिला.’ सिनेमावाल्यांनी काय केलं, ते मला त्या वेळी समजलं. तिच्याजवळ भावाची एकच गोष्ट अशी होती, जी आणखी कुणाजवळ नव्हती, ती म्हणजे त्याची ती अडकलेली, न फुटलेली वाचा. ती त्यांनी पुसून टाकली होती आणि तिच्या जागी सगळ्यांना ऐकू जाणारं एक भाषण भरलं होतं.

दिवाळीच्या आधी हिंगोलीत नानासाहेबांच्या नावानं मोठी सभा झाली. बोलपटातली ती वाक्यं एव्हाना चौकातल्या भिंतीवर रंगवून झाली होती. काकूला व्यासपीठावर बसवलं, हार घातला, आणि अध्यक्षांनी तिला विनंती केली की नानासाहेबांचा अखेरचा संदेश तिनं स्वतःच्या मुखानं सांगावा. काकूनं हार काढून मांडीवर ठेवला. ‘तो बोलला न्हाई,’ ती म्हणाली. ‘त्याला बोलता येत न्हवतं. मी व्हते ना तिथं, मला माहीत हाय.’ अध्यक्षांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते लोकांकडं पाहून प्रेमानं म्हणाले, ‘आपल्या आईचं वय झालं आहे. भावाच्या आठवणीनं त्यांचं मन भरून आलं, आता काही आठवेना. तो संदेश मीच वाचतो.’ टाळ्या पडल्या. तिचंही म्हातारपण त्यांनी त्या एका वाक्यात, तिच्या देखत, बदलून टाकलं. परत येताना गाडीत तिनं मला विचारलं, ‘तृप्त म्हंजे काय रे?’ मी म्हणालो, ‘पोट भरलेला, समाधानी.’ ‘पोट तर मी भरत व्हते,’ ती म्हणाली. ‘मला कधी सांगितलं न्हाई भरलं म्हणून.’ त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

तेराव्याला अध्यक्ष गावी आले, सोबत दहा-बारा माणसं घेऊन. काकूच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून संदेशाचं वाचन करायचं त्यांनी ठरवलं होतं. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, ‘साहेब, ते बोलले नव्हते. काकूनं तुम्हाला सांगितलं होतं.’ त्यांना राग आला नाही. खरोखरच गोंधळल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ‘असं कसं म्हणता मास्तर? बोलपटात आहे की.’ आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

नानासाहेब गेल्यावर काकूनं ते घुंगरू टाकून दिलं नव्हतं. घर फार मुकं झालं म्हणून तिनं ते एका कालवडीच्या गळ्यात बांधलं. आता तिची चांगली गाय झाली आहे. ‘माझ्या बंधूंनो,’ अध्यक्ष वाचत होते. ओसरीवर सगळे माना खाली घालून बसले होते… गोठ्यात घुंगरू वाजलं. एकदाच. काकू गेल्यापासून गाईकडं वेळेवर पाहायला घरात कुणी नव्हतं. मी उठलो, रांजणातून बादली भरली आणि मागच्या दारानं गोठ्यात गेलो. गाय पाणी पीत होती तोवर मी तिथंच उभा राहिलो. मग ते पुन्हा वाजलं, म्हणून मी दुसरी बादली आणली.