तलाव की हौद

बदकबाईंच्या पायाला भिंगरी होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात घड्याळजींनी हे ओळखलं आणि पुढे उभ्या जन्मात त्यांना "बस जरा" म्हणायच्या भानगडीत ते पडले नाहीत. बाई पोहायला शिकवायच्या. अर्ध्या शहराला त्यांनी पाण्यात हातपाय मारायला लावलं होतं. बदकबाई हे नाव त्या पोरांनीच ठेवलेलं. घड्याळजी दुकानात डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि एकदा बसले की जेवायला हाक येईपर्यंत उठायचे नाहीत. दोघांचं छान चाललं होतं.

मग घड्याळजींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, बोलणं अडखळायला लागलं. व्यायाम करवून घेणारी मुलगी म्हणाली, "पाण्यात उभं केलं तर पायात लवकर जोर येईल. पण उशीर नको हं, सांधे आखडले की अवघड होतं." झालं! बाई देव पाण्यात घालून बसणाऱ्यांतल्या नव्हत्याच. त्या नवऱ्यालाच पाण्यात घालायला निघाल्या. सार्वजनिक तलावाच्या उंच पायऱ्या घड्याळजींना उतरता येण्यासारख्या नव्हत्या. तेव्हा घरामागच्या मोकळ्या जागेतच तलाव बांधायचा असं बाईंनी ठरवलं, नकाशा काढून घेतला आणि बांधकाम खात्यात अर्ज देऊन आल्या.

अर्जाचा विषय होता 'घरगुती तलावास परवानगी मिळणेबाबत'. पोहायच्या जागेला बाई जन्मभर नुसतं तलावच म्हणत आल्या होत्या. त्याआधी 'जलतरण' जोडायचं त्यांना सुचलंही नाही. टपाल फोडणाऱ्या कारकुनाने विषय वाचला, पुढचं वाचायची त्याला गरज वाटली नाही आणि फाईल थेट तळ्यांच्या खात्यात गेली. तिथून विचारणा आली. तलावात मासे सोडणार का? गाळ कुठे टाकणार? गुरं पाण्यावर येतात का?

"गुरं?" बाई तिथल्या खिडकीपाशी जाऊन ओरडल्याच. "अहो, माझा नवरा उतरणार आहे त्यात!"

"मग तसं लिहून द्या ना," खिडकीतला माणूस शांतपणे म्हणाला, "की गुरं नाहीत म्हणून."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे बाकीच्या जगाला. बाईंना थांबणं कुठलं माहीत? सकाळी नवऱ्याला खुर्चीत बसवायचं, शेजारणीला "जरा लक्ष ठेवा" म्हणायचं आणि सुटायचं. या टेबलाचा साहेब रजेवर, त्या टेबलाचा जेवायला. बाकावर बसवलं तर बसल्या जागी त्यांचे पाय हलत. घरी आल्या तरी डोक्यात फाईलच. घड्याळजी काहीतरी सांगायला तोंड उघडत, शब्द जुळवायला त्यांना वेळ लागे. तेवढ्यात "होतंय हो काम, काळजी करू नका" म्हणून बाई त्यांचं वाक्य पुरं करून मोकळ्या होत. इकडे हात कोपरात आखडत चालला होता. बाईंना ते दिसत होतं, आणि दिसलं की त्या आणखी जोरात धावत होत्या.

एकदाची फाईल परत आली आणि बांधकाम खात्याचा तपासनीस जागा बघायला आला. टेप लावून मोजमाप झालं. घर घड्याळजींच्या नावावर, म्हणून त्यांना विचारणं त्याला भाग होतं.

"आजोबा, तुमची संमती आहे ना?"

"ना... ही."

"आहे म्हणायचंय त्यांना," बाई घाईघाईने म्हणाल्या. "शब्द चुकतात हल्ली."

"नाही," घड्याळजी पुन्हा म्हणाले, या वेळी चांगलं स्पष्ट. "बुडेन... मी."

बाई बघतच राहिल्या. एवढ्या वर्षांत हा माणूस एकदाही तलावावर फिरकला नव्हता. दुकान असतं, वेळ नसतो, असंच त्या धरून चालल्या होत्या. पोराला पाण्यात ढकललं की येतं आपोआप पोहायला, असं म्हणणाऱ्या कितीतरी बापांना त्यांनी फैलावर घेतलं होतं. आणि स्वतः काय करत होत्या? त्यांना भयंकर लाज वाटली.

त्या खुर्चीसमोर जमिनीवर बसल्या. "पायावर उभं राहायचंय ना पण?"

"राहायचंय."

"मग किती पाणी चालेल?"

त्या थांबल्या. घड्याळजींनी चांगला हात कमरेवर नेला. "इथ... वर."

तपासनीसाने नकाशाची गुंडाळीच केली. "कमरेइतकंच? मग परवानगी हवी कशाला? एवढ्या पाण्याला नियमात तलाव म्हणत नाहीत. हौद झाला तो. उद्यापासून बांधा." जाता जाता तो हसला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला की हो बाई!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळजींचा उजवा हात धरून हळूहळू सरळ करून पाहिला. तो अर्ध्यावर येऊन अडला.

"अहो, हे आधी का नाही सांगितलंत मला?"

घड्याळजींनी शब्द गोळा केले. बाई वाट बघत राहिल्या.

"तू... घरी... कुठे होतीस?"