सलग पाच महिने एकशे तीस

चष्मा कपाळावर चढवायचा, उजव्या हाताचं बोट हवेत धरायचं आणि डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ ओढायची. मग म्हणायचं, "आकडा राहू द्या सिस्टर, चाल सांगा." सर आमच्या आरोग्य उपकेंद्रात आले की पहिली पाच मिनिटं हेच. बायका पदराआड हसायच्या. एक आजी तर मला म्हणाली, "ह्यो मानूस माश्या हाकलतोय का काय गं?"

सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. राहायला नगरला. आमच्या कर्जत तालुक्यातल्या बीपीच्या पेशंटांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासून त्यांचे गट पाडायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. मी तिथली नर्स. वस्त्यांवरच्या पेशंटांचं बीपी दर महिन्याला मोजायचं आणि लिहायचं, हे माझं काम. त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, झालं, आणखी एक साहेब डोकं खायला आला.

तुम्ही तिथे असता तर तुम्हीही तेच म्हटलं असतं. पण मग त्यांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर शेकडो रेघा, नुसता गुंता. प्रत्येक रेघ म्हणजे एक माणूस. "ही तुमची माणसं," सर म्हणाले आणि त्यांनी एक बटण दाबलं. थोड्या वेळानं त्या गुंत्यातून चार रंग वेगळे झाले. चढत जाणारे, उतरत जाणारे, वरखाली करणारे आणि स्थिर.

"दोन म्हाताऱ्या घ्या," ते म्हणाले. "दोघींचं बीपी आज दीडशे. तुम्ही दोघींना एकच गोळी द्याल. पण एक वरून उतरत आलीय आणि दुसरी खालून चढत चाललीय. आज दोघी एकाच पायरीवर भेटल्या, एवढंच."

देवाशपथ सांगते, माझ्या अंगावर काटा आला. बारा वर्षं मी हे आकडे लिहीत होते आणि त्यांत माणसं चालताना मला कधी दिसली नव्हती!

चढत्या गटाकडे मी दर आठवड्याला जायचं आणि स्थिर गटाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायच्या, असं ठरलं. यादी तालुक्याला गेली. मग एका सकाळी सर एकच कागद घेऊन आले.

"ही बाई. सलग पाच महिने एकशे तीस-ऐंशी. माझ्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा इतकं नेमानं चालत नाही हो. येते ना ही दर महिन्याला?"

"येते की," मी म्हटलं.

आली नव्हती. कांद्याची लागवड लागली की काढणी होईपर्यंत आमचे निम्मे पेशंट गायब होतात. रकाना कोरा राहिला की मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत उद्धार होतो. म्हणून आम्ही काय करायचो, मागच्या महिन्याचाच आकडा पुढे उतरवायचो. कोणाचं काय बिघडतंय, पुढच्या वेळी मोजू खरं! मीच काय, सगळ्याच जणी करायच्या.

माझा चेहरा पाहून सरांनी काय ते ओळखलं. रागावले नाहीत. "चला, भेटून येऊ," म्हणाले.

बाई ओट्यावर बसली होती. कांदे निवडता निवडता थांबलेली. "बरं वाटत हुतं म्हनून गोळ्या सोडल्या," ती म्हणाली. "सकाळपासनं डावा हात लई जड झालाय. उचलतच न्हाई." बोलताना तिचं तोंड एका बाजूला ओढत होतं. मी पट्टा बांधला. वरचा आकडा दोनशे दहा. सरांनी तोवर स्वतःची गाडी दारात आणली होती. तिला उचलून मागच्या सीटवर निजवलं. थेट दवाखाना गाठला.

बाई वाचली. हात मात्र पहिल्यासारखा झाला नाही.

तालुक्याच्या मीटिंगमध्ये विचारणा झालीच, की ही पेशंट स्थिर गटात गेली कशी? मी खाली मान घालून बसले होते. सर उठले. "यादी माझी. इतकी सरळ रेघ मला आधीच खटकायला हवी होती. चूक माझी आहे." आणि खाली बसले. मी गप्पच राहिले.

दुसऱ्या दिवशी माझ्याशेजारी बसून त्यांनी रजिस्टरची पानं उलटली. "न मोजलेला आकडा दिसला की खोडा," एवढंच म्हणाले. मी खोडत गेले. मग त्यांनी पाचवा गट केला, ज्यांचं आपल्याला काही माहीत नाही अशांचा. "आधी यांच्याकडे जायचं." सत्तरीचा माणूस उन्हातान्हात माझ्याबरोबर त्या प्रत्येक दारात उभा राहिला. त्यातल्या तीन जणांना तर आम्ही त्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पाहीन असं वाटतही नाही.

गेल्या दिवाळीनंतर सर गेले. झोपेतच. आरोग्य केंद्रात शोकसभा ठेवली होती. ती बाईही आली होती, उजव्या हातानं डावा सावरत. तिथले डॉक्टर छान बोलले. शेवटी म्हणाले, "इतकं काटेकोर काम. ती एक यादी चुकली, तेवढंच. आणि तीसुद्धा त्यांनी मोकळेपणानं कबूल केली."

मी कधी उठले ते मला कळलंच नाही.

"ती चूक सरांची नव्हती. या बाईंच्या पाच आकड्यांतले चार मी न मोजताच लिहिले होते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाईनंही. डॉक्टरांनी हळू विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललात, सिस्टर?"

सरांनी बोलू दिलं नाही, असं सांगता आलं असतं. पण त्यांनी मला कधी अडवलं नव्हतं. त्या बाईकडे बघत मी म्हटलं, "भ्याले."