शाळेच्या दारात हातगाडा

लातूरच्या गोलाई बाजारामागे, आमच्या भुसार गल्लीत नवी प्राथमिक शाळा बांधायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त भांडलो मी. पोरांच्या गर्दीतून पोत्यांचे गाडे कसे जाणार, म्हणून विरोधाच्या अर्जावर पहिली सही मीच ठोकली.

तरी शाळा झालीच. आमच्याकडे पहिलीच्या पोरांना पहिल्या दिवशी सजवलेल्या बैलगाडीतून शाळेत नेतात. पण या गल्लीत बैलगाडी काही वळेना. मग माझ्याच दुकानातल्या हमालानं हातगाडा धुतला, झेंडूच्या माळा बांधल्या आणि आपल्या लेकीसकट सगळ्या पोरांना वर बसवलं.

शाळेच्या दारात एक टेम्पो आडवा उभा होता. मी गल्ल्यावरून उठून ओरडलो, "ए, काढ तो टेम्पो! दिसत न्हाई का, आमच्या शाळेची पोरं यायलीत!"

टेम्पोत माझाच माल होता.