राखणदाराचा फोटो

स्टुलावर बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो एकच वाक्य सांगायचा, "हनुवटी जरा खाली." म्हणून अख्खा बाजार त्याला हनुवटीवाला म्हणे. बायकोसुद्धा चिडली की जिन्यातून हाक मारायची, "हनुवटीवाले, जेवायला येताय का?" फोटोचं दुकान म्हणजे एक स्टूल, मागे पांढरा पडदा, छत्र्या लावलेले दोन दिवे आणि रडक्या पोरांसाठी एक पिपाणी. आठवडाभर लोकांच्या माना सरळ करायच्या आणि सुट्टीला कॅमेरा गळ्यात अडकवून तळं गाठायचं, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम होता.

तळ्यावर त्याला वेड होतं सनफिशचं. तळहाताएवढा, चपटा, गोड्या पाण्यातला मासा. पोट नारिंगी, गालावर निळ्या नागमोडी रेघा आणि कल्ल्यामागे लाल काठाचा काळा ठिपका. एका नराच्या रेघा दुसऱ्यासारख्या नसतात. देखणा आहे म्हणून त्याचे फोटो काढणारे पुष्कळ. हनुवटीवाला भाळला होता तो त्याच्या स्वभावावर. मादी अंडी घालून चालती होते, पुढचं सगळं बाप निस्तरतो. वाळूत शेपटीने झाडून बशीसारखा खळगा करतो, अंड्यांवर पर हलवून ताजं पाणी फिरवत राहतो आणि जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातो, मग तो दुप्पट का असेना. खाणंपिणं सोडून डोळ्यांत तेल घालून राखण करतो. पाण्यात राहून डोळ्यांत तेल घालणं सोपं नाही, असा विनोद हनुवटीवाला दर वर्षी करायचा आणि स्वतःच हसायचा.

माशाचा बाजूने नीट फोटो हवा असेल तर एक युक्ती असते. काचा चिकटवून अरुंद पेटी करायची, तिच्यात पाणी भरायचं, जाळीने मासा उचलून तिच्यात सोडायचा आणि मागून आणखी एक काच सरकवायची. त्याला वळायला जागा राहत नाही आणि खवलं न् खवलं स्पष्ट येतं. फोटो झाला की लगेच पाण्यात. त्याने स्वतः अशी पेटी केली होती आणि कॅमेरा मंडळातल्या नवख्यांना तो दरडावून सांगायचा, "घरट्यावरच्या नराला हात लावायचा नाही. तो हलला की अंडी गेली." सांगताना चेहरा असा करायचा, जणू सगळ्या तळ्याचं पालकत्व त्याच्याकडे आहे.

आणि त्यानेच एका सकाळी हात लावला. नर होताच तसा. इतका रसरशीत रंग त्याने कधी पाहिला नव्हता. आत्ता उचलतो, आत्ता सोडतो, कुणाला कळणार आहे, एवढाच विचार. पण पेटीत गेल्यावर माशाने पाठीवरचा पर मिटून घेतला. पर उभारल्याशिवाय त्या फोटोला अर्थ नाही. मग काचेवर बुडबुडे आले, ते पुसले. मग ढग आला, तो जायची वाट पाहिली. मासा तोंड उघडत-मिटत होता आणि हनुवटीवाला सवयीने त्याला म्हणाला, "हनुवटी जरा खाली." स्वतःशी हसलासुद्धा. मागे पाणी खळबळलं तेव्हा त्याने वळून पाहिलं. घरट्यावर बारक्या माशांची झुंबड उडाली होती.

त्याने पेटी तशीच पाण्यात उपडी केली. नर सुटला तो सरळ घरट्यावर, चार-दोन धडका मारून त्याने सगळ्यांना पिटाळलं. उशीर झाला होता. खळगा धुऊन ठेवलेल्या ताटासारखा स्वच्छ होता. नर त्याच्यावर आला, थांबला, आणि पर हलवायला लागला. अंडी असताना हलवत होता तसाच, तितकाच सावकाश.

इथे कुणीही भला माणूस मान खाली घालून घरी गेला असता. पण ढग सरकला होता, ऊन तिरकं पाण्यात उतरलं होतं आणि मासा सोन्यासारखा झळकत होता. त्याच्या हातांनी कॅमेरा उचलला. हातांना लाज नसते. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो त्याने तेव्हा काढला.

दुकानाच्या वरच्या खोलीत त्याची मोठी बहीण राहायची. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून आता गुडघ्यांनी घरी बसवलेली. तळ्यावर जाणं तिला जमत नसे, म्हणून तो फोटो आणायचा आणि ती त्यावरून चित्रं करायची. हा फोटो तिने हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"छोटू," ती म्हणाली. पन्नाशी उलटलेल्या भावाला ती अजून छोटूच म्हणे. "अरे, हे आपले बाबा आहेत."

त्यांची आई फार लवकर गेली होती. बाबांना ताईची वेणी घालता येईना, तर ते शेजारणीकडे जाऊन सुतळीवर शिकून आले होते. ताई ते सगळं आठवून बोलत होती. खरं सांगायची वेळ तीच होती. तो म्हणाला, "ऊन चांगलं मिळालं."

ताई कामाला लागली. वाचनालयाच्या दालनात जलचरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं, त्यासाठी तिने मोठा कॅनव्हास ताणला. गालावरची एकेक रेघ फोटोबरहुकूम उतरवली. नाव ठरवलं 'बाप'. तो वर चहा द्यायला जाई आणि चित्राकडे न बघता खाली येई. दुकानात बाप मांडीवर लेकरू घेऊन बसला की त्याला पिपाणी वाजवणं जड जायला लागलं. मन खात होतं. फोटो काढल्याच्या दुसऱ्या दिवशी तो तळ्यावर गेला होता, तेव्हाही नर तिथेच पर हलवत होता. पुढच्या खेपेला खळग्यात गाळ बसला होता आणि नर नव्हता.

मग ताईने नवीनच टूम काढली. "आता अंडी फुटून पिल्लं निघाली असतील ना? त्यांचा फोटो आण. जोडचित्र करते. एकात राखण, दुसऱ्यात पिल्लं. म्हणजे बघणाऱ्याला कळेल की त्याचं सार्थक झालं."

"बघतो," तो म्हणाला.

तळ्याच्या पलीकडच्या काठाला दुसऱ्या एका नराच्या घरट्यावर पिल्लं होती. नराचे गाल निराळे, ताईने ते क्षणात ओळखले असते. पण पिल्लं म्हणजे पाण्यात तरंगणारे काचेचे कण, ती कुणाचीही असू शकतात. त्याने वरून फक्त पिल्लांचा फोटो काढला, दुकानात छापला आणि जिना चढला. ती विचारेल आणि आपण एक 'हो' म्हणू, की प्रकरण मिटलं, असं तो स्वतःला बजावत होता.

ताई पहिल्याच चित्रावर वाकून बसली होती. हातात सर्वांत बारीक कुंचला, डोळ्याला भिंग. "ये, बघ. तुझ्या फोटोत अंडी दिसतच नाहीत. बारीक असतील म्हणून मीच घातली. सकाळपासून तेच चाललंय, मान मोडली."

त्याने पाहिलं. सगळ्या खळग्यात मधाच्या रंगाचे ठिपके होते, प्रत्येकावर उजेडाचा एक कण. वर नर पर पसरून उभा.

"त्याचीच पिल्लं ना ही?" त्याच्या हातातला फोटो घेत तिने विचारलं.

'हो' तोंडाशी आला होता. "नाही," तो म्हणाला. "त्याला पिल्लं झालीच नाहीत, ताई."

मग सगळं सांगितलं. पेटी, मिटलेला पर, बुडबुडे, ढग. माशाला हनुवटी खाली कर म्हणालो, तेही सांगितलं.

ताईने भिंग खाली ठेवलं. "म्हणजे या फोटोत तो कशावर पर हलवतोय?"

"वाळूवर."

"आणि ते तुला माहीत होतं. माहीत असताना तू फोटो काढलास."

"हो."

तो बोलणी खायच्या तयारीने उभा होता. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिने चिंधीचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळला आणि त्याच्यापुढे धरला.

"खालचा रंग वाळलाय, त्याला काही होणार नाही. अंडी ओली आहेत. पूस."

"मी?"

"मग कोण? मासा आहे तसाच राहू दे. डोळासुद्धा. तुझ्या फोटोत होता तसाच काढलाय मी. आणि नावही तेच राहील."

त्याने बोळा घेतला. गुडघ्यांवर बसून त्याने खळग्याच्या कडेचं पहिलं अंडं पुसलं, मग त्याच्या शेजारचं. ताई खुर्चीत हात बांधून बघत होती. मध्येच त्याचा हात थांबला, तशी ती शांतपणे म्हणाली, "अजून आहेत."