पेडलवरचा जोर

फिटरकाका कुठल्याही यंत्राजवळ गेले की आधी गप्प होत. खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढत, त्याचं टोक यंत्राच्या अंगावर टेकवत आणि मूठ कानाला लावत. पाण्याचा पंप असो, लूमची मोटर असो की आमच्या घरातला मिक्सर, मिनिटभर डोळे मिटून ऐकल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. मग निदान व्हायचं. "बेअरिंग रडून राहिलं." किंवा, "हिला काही नाही झालं, नट ढिला आहे." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलेच तर म्हणत, "मशीन खोटं बोललं आज."

उभी नोकरी त्यांनी नेपानगरच्या कागदाच्या मिलमध्ये फिटर म्हणून केली. निवृत्त झाल्यावर काकूंना घेऊन बुऱ्हाणपुरात आले आणि बुधवारा मोहल्ल्यात आमच्या दुकानामागच्या गल्लीत राहू लागले. आमचं दुकान मोटर वाइंडिंगचं. दापोऱ्याकडचे केळीवाले पाण्याच्या जळलेल्या मोटरी घेऊन येत, बाबा त्या सोलून तांब्याची नवी तार भरून देत. मी बाबांच्या हाताखाली शिकले. काका रोज सकाळी चहाच्या निमित्ताने यायचे ते दुपारपर्यंत बसायचे. यंत्राच्या आवाजाशिवाय त्यांना करमत नव्हतं.

बाबा अचानक गेले, आणि गिऱ्हाईक दारातून परत जायला लागलं. कुणीतरी मोटर खांद्यावर घेऊन यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुठं गेले?" तेव्हा काकांनी आपली खुर्ची दुकानाच्या अगदी तोंडाशी आणून ठेवली. आलेल्या माणसाला ते म्हणत, "मिस्त्री ही काय, तुमच्या समोर बसली."

"ही पोरगी?"

"मोटरला विचारा. तिला काही फरक पडतो का?"

असे ते तीन महिने बसले. उन्हाळ्यात, लाइट गेलेली असताना, वर्तमानपत्राने वारा घेत. तीन महिन्यांनी लोक मलाच मिस्त्री म्हणू लागले. काका तर मला दुसऱ्या नावाने हाक मारेनासेच झाले.

ती सायकल त्यांच्या मुलाची. तो पुण्यात नोकरीला होता तेव्हा डोंगरात फिरायला म्हणून त्याने विजेवर चालणारी डोंगरी सायकल घेतली. जाड टायर, पुढे दणके झेलणारे शॉकअप, सांगाड्याच्या नळीला चिकटलेली काळी बॅटरी. पुढे त्याला परदेशात काम मिळालं आणि सायकल ट्रकने बुऱ्हाणपूरला आली. फोनवर तो म्हणाला, "वापरा, नाहीतर विकून टाका." काकांनी मागचं चाक उचलून फिरवलं, स्क्रूड्रायव्हर लावून मोटर ऐकली आणि म्हणाले, "हिला कोण विकतो?"

काकूंनी कपाळाला हात लावला. त्या खानदेशातल्या, बोलणं रोखठोक. "मायबाई, शिंगं मोडून वासरात शिरू राहिले हे!"

दर रविवारी काका सकाळी असीरगडाकडे निघत. हमरस्ता सोडून किल्ल्याकडचा घाट लागला की त्यांचा नियम होता, वरपर्यंत पाय टेकायचा नाही. टेकला तर तो चढ मोजायचा नाही. परत आले की थेट दुकानात. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, एका हातात मावा जिलबीचा पुडा. "मिस्त्री, आज मोजला!" असं ओरडतच ते उतरायचे.

आणि उतरले की सायकलीत काय बदलायचं ते सांगायचे. मिलच्या माणसाला कुठलीही वस्तू आहे तशी ठेवणं म्हणजे अपमान वाटायचा. आम्ही रस्त्यावर गुरगुरणारे टायर काढून जरा गुळगुळीत बसवले. लेथवाल्याकडून मागे कॅरिअर करून घेतला. हँडलवर मोटरसायकलचा दिवा आला. मग जास्त लांब जायला मोठी बॅटरी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की सायकल स्टँडवर आणि आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना. मला बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा दुकानात हसायला आलं ते त्या दिवसांत.

नंतरचे बदलही मी तशाच आनंदात केले. मागच्या चाकाची दातेरी चक्री मोठी हवी म्हणाले, म्हणजे चढावर पाय हलका पडेल. बसवली. डावा पाय पेडलवरून घसरतो म्हणाले, म्हणून चामड्याचा पट्टा शिवून घेतला. ब्रेक कडक लागतात म्हणाले, तेव्हा तेलाचे ब्रेक मागवले, एका बोटाने दाबता येणारे. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायला लागले होते, तेही मी बघत होते. बघत होते म्हणजे डोळ्यांसमोर होतं.

मग एक दिवस त्यांनी सेन्सर बदलायला सांगितला. त्या सायकलीची खरी खुबी तिथेच होती. पेडलच्या दांड्यात बसवलेला तो सेन्सर पायाचा जोर मोजायचा. तुम्ही जेवढं दाबाल, त्या मापात मोटर साथ देणार. तुम्ही नाही दाबलं तर तीही नाही. काकांना त्याऐवजी साधा सेन्सर पाहिजे होता, जो फक्त पेडल फिरतंय एवढंच ओळखतो. जोर असो नसो, मोटर ओढत राहते.

मी म्हणाले, "काका, लोक साधा काढून हा घालतात. तुम्ही उलटं सांगताय."

"तू बसव तर."

"चढाची सगळी मजा जाईल. बसल्या बसल्या वर. आळशी झालात तुम्ही!"

ते हसले. नेहमीपेक्षा थोडं जास्त हसले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "हो ना, मिस्त्री. झालो खरा."

मी सेन्सर बसवला. पुढच्या महिन्यात अंगठ्याने दाबायचा थ्रॉटलही बसवला, म्हणजे पेडल फिरवायचीही गरज नाही. त्या रविवारी जिलबी आली, पण "मोजला" हा शब्द आला नाही. मी विचारलंही नाही.

एका मंगळवारी दुपारी काकू दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिल्या. हातात जाड फाइल, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. "इंदूरला जायचं होतं आज डॉक्टरकडे. मी नाहायला गेले तेवढ्यात हा माणूस सायकल घेऊन निघून गेला. तुला काही बोलला का?"

"कसला डॉक्टर?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग खाली बसल्या आणि सांगितलं. दीड वर्षापूर्वी कळलं होतं. नसांचा आजार, ज्यात अंगातले स्नायू एकेक करून सुटत जातात. आधी पाय, मग हात, मग बोलणं, गिळणं, श्वास. औषध नाही. मुलाला सांगायचं नाही अशी काकांनी शपथ घातलेली. सांगता सांगता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तू रोज हात लावत होती त्या सायकलीला. तुला दिसलं नाही?"

मी स्कूटी काढली. घाटात, वरच्या टोकाच्या जरा खाली, काका कठड्याला टेकून बसलेले दिसले. सायकल रस्त्याच्या कडेला आडवी. लागलं नव्हतं. वळणावर तोल गेला, पाय पट्ट्यातून वेळेत सुटला नाही, ते हळूच कलंडले होते. पण आता त्यांना उठता येत नव्हतं आणि सायकल उचलता येत नव्हती. तासभर तसेच बसून होते. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना ते हात हलवून सांगत होते, आराम करतोय, जा.

"काका, मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला.

"सांगून काय झालं असतं? तूही मग हळू आवाजात बोलली असतीस माझ्याशी. घरात सगळं हळू आवाजात चालतं आता." ते तुटक बोलत होते, शब्द जड झाले होते. मला ते थकव्यामुळे वाटत आलं होतं. "तुझ्या दुकानात मी गिऱ्हाईक होतो. कटकट्या गिऱ्हाईक. तेवढंच बरं वाटायचं."

मी त्यांना उभं केलं. त्यांनी सायकलीच्या हँडलवर हात ठेवला आणि वर बघितलं. "दोनच वळणं राहिली, मिस्त्री. तू मागून नुसता हात लाव. मी पाय टेकत नाही."

मी नाही म्हणाले.

मी घाबरले होते, रागावले होते, काकूंचं वाक्य कानात होतं. मी म्हणाले, "काका, खाली चला. काकू रडतायत." त्यांनी हँडलवरचा हात काढून घेतला. केळी पोचवून परत जाणारा एक टेम्पो मी थांबवला. सायकल मागे टाकली, काकांना ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि मी स्कूटीवरून मागे मागे आले. मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं. उतारभर त्यांनी मान वळवली नाही.

त्यानंतर ते सायकलीवर बसले नाहीत. दोन आठवडे काकू माझ्याशी बोलल्या नाहीत, मग स्वतःच दुकानात येऊन म्हणाल्या, "चल, तुझी वाट बघू राहिले ते." मी रोज दुकान बंद करून जायला लागले. हात गेले, आवाज गेला. घरात श्वासाचं यंत्र आलं. एकदा त्यांनी डोळ्यांनी मला जवळ बोलावलं, यंत्राकडे बघितलं आणि भुवया आवळल्या. मी झाकण काढलं तर आतली जाळी धुळीने भरलेली. धुऊन लावल्यावर आवाज बदलला, तशा त्यांच्या भुवया सैल झाल्या. मी हसले आणि मग मला तिथून उठून जावं लागलं.

त्यांना आळशी म्हटल्याची आणि घाटातल्या त्या नकाराची मी एकदा माफी मागितली. काकू स्वयंपाकघरात होत्या. काकांनी डोळे मिटले. हो म्हणून मिटले, की थकून, मला कळलं नाही. दुसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही. चैत्रात ते गेले.

मुलाला काकूंनी शेवटी शपथ मोडून कळवलं होतं. तो आला, शेवटचे चार दिवस बापाजवळ बसला. दहावं झाल्यावर एका सकाळी त्याने माझ्यासमोर सायकल अंगणात काढली. धूळ पुसता पुसता त्याचे हात थांबले. "थ्रॉटल कुणी लावला? आणि हे काय, सेन्सर का बदलला? एवढी चांगली सायकल बिघडवून ठेवली."

"मी बदलला, दादा."

"का?"

मी सांगितलं. चक्री कधी, पट्टा कधी, ब्रेक कधी. तो प्रत्येक वस्तूला हात लावून बघत होता. "पट्टा दिवाळीच्या आधी?" त्याने विचारलं. "दिवाळीला मी व्हिडिओ कॉल केला होता. बाबा याच सायकलीवर बसून हात हलवत होते. मी म्हटलं, बाबा, तुम्ही तर माझ्यापेक्षा फिट आहात."

काकू दारात उभ्या होत्या.

तो सायकलीवर बसला. सवयीने त्याने पेडलवर जोर द्यायला पाय उचलला, आणि मग तो थांबला. पाय नुसता ठेवला. वजन न टाकता, अगदी अलगद फिरवला. मोटर लागली. सायकल आपोआप त्याला घेऊन गल्लीतून पुढे निघाली. त्याचे पाय वर-खाली होत होते, त्यात काही जोर नव्हता, तो मुद्दाम देत नव्हता. गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्याने ब्रेक दाबला, उतरला आणि आमच्याकडे पाठ करून सायकल धरून उभा राहिला.

बराच वेळ झाला तरी तो वळला नाही. लोक त्याच्या बाजूने वाट काढून जात होते. मी हाक मारायला पुढे झाले, तर काकूंनी माझं मनगट धरलं.

"नको," त्या म्हणाल्या. "त्याचं त्याला कळू राहिलं. उभा राहू दे."